पायापाशी उजेड

टेस्टरकाकांना कुणी खरं नाव विचारलं तर तेसुद्धा क्षणभर विचारात पडत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत वायरिंग केलं आणि चाळीस वर्षं त्यांच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर होता. तारेला टोक लावायचं, दांड्यातला इवला दिवा पेटला तर तार जिवंत, नाही पेटला तर मेलेली. जगाची इतकी सोपी विभागणी फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि काकांना तिचा भारी अभिमान होता. त्यांचं सगळं काम मात्र भिंतीच्या पोटात. घर बघायला येणारे रंगाला छान म्हणत, पडद्यांना छान म्हणत, पण वायरी किती सरळ ओढल्यात हे आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. खुद्द काकूंनीही नाही.

काकू घड्याळं दुरुस्त करायच्या. बाजारात त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं. नवऱ्याने दिवसभर भिंती फोडायच्या आणि बायकोने डोळ्याला भिंग लावून मुंगीच्या पायाएवढे स्क्रू फिरवायचे, असा तो संसार. वर्षातून एकदा, थंडी संपली की, दोघं आपापलं काम गुंडाळून तीन आठवडे कॅम्पर व्हॅन घेऊन निघायचे. गाडी सव्वीस वर्षांची. आत दोघांपुरता पलंग, एका शेगडीचा ओटा, भांड्यांचं कपाट आणि छताच्या मध्यावर एकुलता एक दिवा. त्याचा उजेड एवढा की दिवा चालू आहे हे कळावं. मुलगी लहानपणी बरोबर यायची. ती मोठी झाली, नोकरीला लागली, यायची थांबली. हे दोघं काही थांबले नाहीत.

थांबले ते मागच्या वर्षी. संध्याकाळी नळावर कपबशा धुऊन काकू गाडीत चढत होत्या आणि दारातली पायरी त्यांना दिसलीच नाही. कपबशा वाचल्या, उजवं मनगट मोडलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईचं उजवं मनगट! दीड महिना प्लास्टर आणि तीन महिने दुकानाला कुलूप. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "भरपूर उजेडात तुम्हाला केसाएवढा स्क्रूसुद्धा दिसेल. पण अंधुक उजेडात पुढचं पाऊल दिसणार नाही. आणि हे आता बरं होण्यातलं नाही."

काकूंनी ते ऐकून घेतलं, रडल्या-बिडल्या नाहीत. घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "त्या गाडीत मी पुन्हा पाय ठेवायची नाही. देऊन टाका कुणाला तरी."

यंदा थंडी संपत आली तेव्हा कळलं, मुलीच्या ऑफिसात एकाला अशी गाडी हवीच होती. त्याला रविवारपर्यंत उत्तर द्यायचं ठरलं.

आता गाडी गेली म्हणून काका काही उपाशी मरणार नव्हते. पण वर्षातले एकोणपन्नास आठवडे ही दोन माणसं एकमेकांना जेवणाच्या टेबलावर भेटत आणि झोपेत भेटत. बोलायची ती त्या तीन आठवड्यांत. गाडी गेली की ते बोलणं गेलं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं, आणि तोंडाने सांगता येत नव्हतं. जे तोंडाने जमत नाही ते हातांनी करायला निघालेल्या माणसांपैकी ते होते.

सोमवारी सकाळी ते म्हणाले, "रविवारपर्यंत थांब. मी आत दिवे वाढवतो. मग बघ."

"अहो, कशाला उगाच?"

"अगं, तीन मजली इमारती उजळल्यात मी. ही चार चाकांची खोली म्हणजे हातचा मळ!"

 असं काही म्हटलं की हा माणूस हटकून तोंडावर आपटतो, हे काकूंना पस्तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

गाडी घराखालच्या गॅरेजात उभी होती. काकांनी छताचं जुनं आवरण उघडलं, वायर सोलली, टेस्टर लावला. पेटला नाही. दुसरी वायर, तीही मेलेली. दुपारपर्यंत त्यांनी अर्धी गाडी उघडून ठेवली आणि प्रत्येक तारेला मृत घोषित केलं. "लाइनच नाही कुठे," असं पुटपुटत त्यांनी बेधडक स्क्रूड्रायव्हर घातला. त्याचं पातं एका बाजूला तारेला लागलं, दुसऱ्या बाजूला गाडीच्या पत्र्याला. चटकन ठिणगी उडाली, जळका वास आला, आणि मध्यावरचा तो एकुलता एक दिवाही डोळे मिटून बसला.

काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ठिणगी पाहिली, अंधार पाहिला आणि नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"नवे लावता लावता होता तोही घालवलात," त्या म्हणाल्या, आणि कप बाहेरच ठेवून गेल्या.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक काकांचा जुना मित्र. झाला प्रकार ऐकून तो आधी हसून हसून बाकावर आडवा झाला, मग डोळे पुसून म्हणाला, "अरे शहाण्या, ही घरची वीज नव्हे. बारा व्होल्टची बॅटरी आहे. तुझा टेस्टर तिथे जन्मात पेटायचा नाही! तारा सगळ्या जिवंत होत्या, तूच त्यांना मारून मोकळा झालास." त्याने दोन वायरी लावलेला एक छोटा बल्ब काकांच्या हातात दिला. एक टोक पत्र्याला लावायचं, दुसरं तारेला. बल्ब पेटला तर तार जिवंत. अधिक-उणे कसं सांभाळायचं तेही सांगितलं, कारण गाडीतल्या दिव्यांना उलटसुलट जोडलेलं चालत नाही. चाळीस वर्षांचा कारागीर शाळेतल्या पोरासारखं सगळं मान हलवून ऐकत होता. फार लागलं त्यांना ते. पण रविवार जवळ येत होता, आणि नाक वर करून बसायला वेळ नव्हता.

मंगळवार, बुधवार आणि गुरुवारची सकाळ काका गाडीतच होते. जळालेला फ्यूज बदलला. नव्या दिव्यांसाठी वेगळा फ्यूज बसवला. छताला दोन ओळींत सहा गोल दिवे लावले, वायरी आवरणाच्या आतून ओढल्या, वीतवीतभर अंतरावर क्लिपा मारल्या, प्रत्येक तारेला चिठ्ठी चिकटवली. पुन्हा एकदा कुणालाही न दिसणारं काम, पण देखणं. दुपारी त्यांनी काकूंना गॅरेजात बोलावलं आणि शटर खाली ओढलं. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार झाला. मग बटण दाबलं. गाडी आतून लग्नघरासारखी झळाळली.

"ये!" काका ओरडले. "आता तर दिसतंय ना?"

काकू गाडीच्या दारापाशी आल्या, आणि दारातच थांबल्या. एक हात पुढे करून चाचपडत राहिल्या. पाऊल उचललं, पुन्हा खाली ठेवलं. काकांना काही कळेना. मग त्यांनी खाली पाहिलं. छतावरचा सगळा उजेड काकूंच्या डोक्यावर, खांद्यांवर पडत होता, आणि पायरीवर पडली होती काकूंचीच सावली. काका स्वतः ओट्यापाशी उभे राहिले तेव्हाही तेच. चाकू, फळी, बोटं, सगळं त्यांच्याच सावलीत.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "दिवे झकास आहेत. पण तुमचा उजेड माझ्या डोक्यावर आहे, आणि मी चालते पायांनी."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. जन्मभर त्यांनी दिवा म्हणजे छताला असाच हिशेब धरला होता. खोली मोठी असो की छोटी, मध्य काढायचा, वर ठोकायचा. खोलीत माणूस कुठे उभा राहील, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. 

शुक्रवारी सकाळी ते गॅरेजात गेले तेव्हा शटर अर्धं उघडं होतं आणि गाडीत काकू होत्या. हातात खडू. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्या आपल्या आपण गाडीतून चालत होत्या. हात किंवा पाय जिथे जिथे आपसूक टेकत होता तिथे त्या खडूने फुली मारत. पायरीच्या कडेला फुली, पलंगाच्या खालच्या काठाला तीन, ओट्याच्या डावीकडे कोपराच्या उंचीवर एक, कपाटाच्या आत एक. गाडी देऊन टाका म्हणणारी बाई गाडीत पाय ठेवून होती, हे काकांच्या लक्षात आलं. पण ते बोलून दाखवण्याइतके ते खुळे नव्हते.

"तीस वर्षं मी दिवा हातापाशी ठेवून काम केलंय," डोळे न उघडताच काकू म्हणाल्या. "डावीकडून, खालून, आणि वर टोपण, म्हणजे बल्ब डोळ्यात येत नाही. आपल्याला दिवा कशाला दिसायला हवा? पाऊल दिसलं म्हणजे झालं."

चाळीस वर्षांत काकांनी स्वतःचं काम स्वतःच्या हाताने उतरवलं नव्हतं. त्या दिवशी उतरवलं. सहाच्या सहा दिवे, क्लिपा, चिठ्ठ्या, सगळं. उतरवताना जीव तुटत होता, हे खोटं कशाला सांगा! पण शुक्रवार आणि सगळा शनिवार ते गुडघ्यांवर बसून, कधी पोटावर सरपटत, त्या फुल्यांवर दिवे बसवत राहिले. पत्र्याची टोपणं स्वतः कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या. आणि काम करता करता त्यांच्या मनात येत राहिलं, की या बाईला आपण इतकी वर्षं नुसती घड्याळं उघडणारी समजत होतो. उजेडातलं हिला जे कळतं ते आपल्याला कळत नाही! वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांची छाती मात्र फुगत चालली होती. मेकॅनिक डोकावला तेव्हा त्यांनी त्याला बळेच आत ओढलं. "हे बघ. सगळी आखणी हिची. मी नुसता हमाल."

रविवारी दुपारी काकू खाली आल्या. आत डोकावून पाहिलं. शटरकडे बोट करून म्हणाल्या, "ओढा ते खाली. आणि तुम्ही बाहेर थांबा."

"एकटी? अगं, मी असतो ना हाताला धरायला."

"तुम्ही धरलंत तर मला कसं कळणार?"

काका बाहेर गेले, शटर खाली ओढलं आणि उन्हात उभे राहिले. आपली बायको त्या बंद पत्र्याच्या आत, अंधारात, एकटी आहे, या विचाराने त्यांची पाचावर धारण बसली. कान शटरला लावला. आधी काहीच ऐकू येईना. मग बटणाचा टक् आवाज. मग पाऊल. पायरीवर, असं त्यांनी आवाजावरून ओळखलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले. दुसरं पाऊल. कपाटाचं दार वाजलं. कप ठेवल्याचा आवाज. पाणी ओतल्याचा. शेगडी पेटल्याचा. पावलं पलंगापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. चाचपडणारी नव्हती ती पावलं. स्वयंपाकघरातून दहादा इकडे-तिकडे करणाऱ्या बाईची होती. मग काकूंचा आवाज आला. कुणाशी तरी बोलत होत्या. शब्द कळत नव्हते. बोलणं थांबलं, पुन्हा पायरीवर पाऊल वाजलं, आणि पडल्याचा आवाज काही आला नाही.

शटर आतून खडखडलं. काका हात लावायला पुढे झाले, तेवढ्यात ते वर गेलंसुद्धा. काकूंनी ते एका हाताने वर केलं होतं. उजव्या हाताने. दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप होता आणि बशीत थेंबसुद्धा सांडलेला नव्हता.

"मुलीला फोन केला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुझ्या ऑफिसातल्याला सांग, दुसरी गाडी बघ. आमची रिकामी नाही."

काका गाडीकडे बघत उभे राहिले.

"आणि वायरी किती सरळ ओढल्यात हो," काकू कप त्यांच्या हातात देत म्हणाल्या. "कपाटाच्या आतून दिसल्या मला. इतकं नेटकं काम मी नुसतं घड्याळात बघितलंय." आणि काकांचे डोळे भरून आलेले पाहून त्यांनी पदराने स्वतःचा चेहरा पुसल्यासारखं केलं. "आता बघत काय उभे राहिलात? सामान काय तुमचे दिवे भरणार आहेत?"