शब्द टाकला म्हणून

पुण्यात क्वांटिटेटिव्ह फायनान्सची, म्हणजे पैशाच्या बाजारातल्या गणिताची, एम.एस्सी. करणारी अनुपमा सुट्टीत गावी, वरवट बकालला आली होती आणि सकाळपासून बापावर नुसती भडकलेली होती. मुंबईच्या एका कंपनीने तिच्या वर्गातून दोन इंटर्न निवडले होते. काम नीट केलं की पदवीनंतर तिथंच नोकरी. त्या जागांसाठी अख्ख्या वर्गाने जिवाचं रान केलं होतं. एक जागा अनुपमाला मिळाली आणि आज सकाळी मेल आला की निवड रद्द, कारण निवड करणाऱ्यांवर बाहेरून दबाव आणला गेला.

हा दबाव म्हणजे तिचे वडील भागवतराव. भाजीपाला पिकवणारा माणूस, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुलाखत झाल्यावर पोरीने फोनवर साहेबाचं नाव सहज सांगितलं, कुलदीप गारोळे. या भागात आडनाव कानावर पडलं की त्याचे सोयरे शोधल्याशिवाय माणसाला जेवण जात नाही. तिच्या आईने, पुष्पाबाईंनी, संध्याकाळच्या आत शोध लावला, हा तर हिवरा आश्रम गावच्या आपल्या सोयऱ्याचा, अर्जुनरावांचा जावई. झालं. भागवतरावांनी पिशवीभर वांगी घेऊन एसटी धरली आणि अर्जुनरावांनी त्यांच्यासमोरच जावयाला फोन लावला.

"मी काय वाईट केलं?" भागवतराव म्हणाले. "पोरगी हुशार हाय, लक्ष असू द्या, इतकंच म्हणलं. सोयरपणात इतकं तं चालते."

"माह्या हुशारीवर भरोसा नव्हता तुमचा?"

तिने त्यांच्यासमोरच कुलदीपला फोन लावला, स्पीकरवर.

"तुझी मुलाखत सगळ्यांत चांगली झाली, अनुपमा," कुलदीप म्हणाला. "पण सासऱ्यांचा फोन आला हे मला वर कळवावंच लागलं. नियम आहे."

"आणि शेखर, सर?"

शेखर म्हणजे निवडलेला दुसरा. त्याची मामी त्याच कंपनीत होती. तिने पोर्टलवर भाच्याचं नाव भरलं, म्हणून त्याला लेखी परीक्षाच द्यावी लागली नाही. वर मामीला नाव सुचवल्याचं बक्षीस मिळणार होतं ते वेगळंच.

"ते रेफरल आहे. त्याची पद्धत ठरलेली आहे."

"म्हणजे मामीने शब्द टाकला की पद्धत, आणि माझ्या बापाने टाकला की दबाव?"

"तू भावनिक होतेयस," कुलदीप म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

अनुपमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परीक्षा तिने दिली, मुलाखत तिने दिली, आणि नियम आठवला तो फक्त वांगी पिकवणाऱ्या बापासाठी. एवढी मोठी कंपनी, पण लाज म्हणून नाही.

भागवतराव उठून चप्पल शोधू लागले. "मी जातो मुंबईले. पाय धरतो साहेबाचे. म्हणतो, चूक माही हाय, पोरीले सजा देऊ नोका."

अनुपमा दारात आडवी उभी राहिली.

"चूक तुमची हायेच, बाबा. त्या चुकीसाठी मी तुमच्याशी वर्षभर भांडीन. पण ते आपल्या घरातलं. त्याचे पाय तुम्ही धराचे नाहीत. त्यानं जागा दिली तरी मले नाही पाह्यजे."

भागवतराव चपला घालूनच खाटेवर बसले.

"मंग जागा?" त्यांनी विचारलं.

"गेली," ती म्हणाली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.