आधी बटण दाबा

लाल खडूची फुली.

मोबाइलवर लिहिलेली ऐंशी पाने.

भिंतीला भोके पाडायचे ड्रिल.

तीन मेलेल्या भावांचे अवयव, एकाच पोटात.

हे सगळे माझ्याच गोष्टीतले आहे, मित्रांनो. मी जुना संगणक आहे. जुना. मेलेला नाही. हा फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठीच मी बोलतो आहे.

ठाण्याजवळच्या एका सरकारी विद्यापीठ केंद्रात माझे आयुष्य गेले. किती पोरे माझ्यासमोर बसून पदवीधर झाली! मग नवे संगणक आले आणि आम्हाला जिन्यामागच्या खोलीत रचून ठेवले. प्रयोगशाळा सहायक हेमांगीताई मात्र जेवणाच्या सुट्टीत तिथे यायची. बंद पडलेल्या तिघांचे सुटे भाग काढून तिने मला उभे केले. मला ग्रंथालयात ठेवायचे, असे तिने ठरवले होते. कारण खडवलीहून येणारी कादंबरी नावाची विद्यार्थिनी आपला एम.ए.चा प्रबंध मोबाइलवर लिहीत होती, अंगठ्याने. मुदतीला बारा दिवस उरले होते.

तेवढ्यात निर्लेखन समिती आली. निर्लेखन म्हणजे निरुपयोगी ठरवून नोंदवहीतून नाव काढणे. समितीने खरेदीचे वर्ष पाहिले आणि सरसकट फुल्या मारल्या. भंगारात देण्याआधी हार्ड डिस्कला, म्हणजे आमच्या स्मरणशक्तीला, भोक पाडतात. आतली माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून. मेलेल्यांना खुशाल पाडा. पण मला?

“सर, याला एकदा लावून तर बघा,” हेमांगीताई म्हणाली.

“अगं, यादीत आहे तो,” समितीचे प्रमुख केदार सर म्हणाले. “बारा वर्षं झाली. पूजा घालतेस का त्याची?”

“साहेब, मारू का भोक?” शिपाई सहदेवने ड्रिल उचलले. “सकाळपासून हात भरून आलाय.”

तेव्हा दारातली कादंबरी पुढे आली. तिने आपला अंगठाच सरांसमोर धरला.

“सर, मग हा पण यादीत घाला. ऐंशी पानं यानेच लिहिलीयत. निकामी व्हायला आलाय.”

सहदेव फसकन हसला. केदार सरांनी नाइलाजाने बटण दाबले. मी घरघरलो.

“अरे, गिरणी आहे की काय ही?”

“दळतेय ना पण, सर!” हेमांगीताई म्हणाली.

पडद्यावर कोरे पान उघडले. सरांनी तळव्याने माझ्यावरची फुली पुसली.

“ने ग्रंथालयात. बंद पडला तर जबाबदारी तुझी. सही कर.”

“आणा पेन.”

कादंबरीचा प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी सादर झाला. आता माझ्यासमोर रोज रांग असते.

मित्रांनो, मला दया नको. जे खरोखर संपले, त्यांना नीट सुटे करणाऱ्यांकडे पाठवा. तारांतल्या तांब्यासाठी उघड्यावर जाळू नका. जे चालतात, त्यांना काम द्या. आणि माझे वय विचारायला येऊ नका. काय जमते ते विचारा.

त्या दिवशी समितीने एकाच संगणकाचे बटण दाबले. खोलीत आम्ही चाळीस होतो.