सोळा चौकांचा फळा

मी एक जुना फळा आहे, पण मित्रांनो, माझ्यावर कधी कोणी पाढे लिहिले नाहीत. वाहतूक पोलिसांच्या चौकीत, दारातून शिरल्याबरोबर डाव्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझ्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने शहरातल्या सोळा चौकांची नावं रंगवली आहेत. ती पुसली जात नाहीत. त्यांच्यासमोर त्या दिवशीच्या पोलिसाचं नाव सकाळी खडूने लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पुसतात.

सुताराने मला घडवलं तेव्हा चौकीत बावीस माणसं होती. सोळा ओळी भरून सहा जण उरत, त्यांची नावं खाली कोपऱ्यात 'राखीव' म्हणून लिहीत. कोणाला ताप आला, कोणाच्या घरी लग्न निघालं, की त्यांच्यातला एक जाई. एकदा मोठे साहेब तपासणीला आले आणि म्हणाले, "फळा असावा तर असा." खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून मला जरा शिंगंच फुटली.

मग माणसं निवृत्त होऊ लागली आणि त्यांच्या जागी कोणी येईना. आधी राखीव संपले, मग माझ्या ओळी रिकाम्या दिसू लागल्या. कोणी कुठे उभं राहायचं हे आमचे हजेरी मास्तर ठरवत. त्यांनी वरच्या कचेरीला पत्रांवर पत्रं धाडली. माणसं आली नाहीत, हुकूम आला. रोज नऊ वाजता फळ्याचा फोटो पाठवा, एकही चौक रिकामा दिसता कामा नये.

तेव्हा चौकीत अकरा जण होते. मास्तर खडू घेऊन माझ्यापुढे आले. मग त्यांनी पाच जणांना दोन-दोन चौक दिले. एका ओळीत माणसाचं आडनाव लिहिलं आणि दुसऱ्या ओळीत त्याच माणसाचा पट्ट्यावरचा बक्कल नंबर. फोटोत सगळ्या ओळी भरलेल्या. कचेरीने त्या मोजल्या आणि मास्तरांच्या पुढच्या पत्रावर शेरा मारला, 'मनुष्यबळ पुरेसे आहे.' मास्तरांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी तसंच लिहिलं, आणि मी ते निमूटपणे अंगावर घेतलं.

त्या पाचांत एक हवालदार होते. शाळेची मुलं त्यांना शिट्टीवाले काका म्हणत. एका दुपारी काका पुलाच्या चौकात अडकलेल्या गाड्या सोडवत होते. तेवढ्यात शाळा सुटली. शाळेच्या चौकात त्यांचा फक्त नंबर होता, तोही माझ्यावर. एक ट्रक न थांबता वळला आणि तिसरीतली एक मुलगी त्याखाली आली. ती वाचली नाही.

पोलिसांच्या कामावर देखरेख ठेवणारी नागरिकांची समिती चौकशीला आली. तिच्या प्रमुख बाई पूर्वी न्यायाधीश होत्या. त्यांच्या हातात त्या सकाळचा फोटो होता.

"शाळेच्या चौकापुढचा हा नंबर तुमचाच ना?" त्यांनी काकांना विचारलं.

"माझाच, बाई. पण पुलापुढचं आडनावही माझंच आहे. मी पुलावर होतो."

"एक माणूस दोन ठिकाणी कसा?"

काकांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांची नोकरी आता मास्तरांच्या एका वाक्यावर होती. मास्तरांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

"शाळा सुटताना शाळेच्या चौकात जायचं, असं मी त्यांना सांगितलं होतं," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले.

"मग पूल कोण सांभाळणार होतं?" काकांनी विचारलं. ते कोणी लिहून घेतलं नाही.

मला सगळं ठाऊक होतं. पण त्या सकाळचा खडू केव्हाच पुसला गेला होता, आणि फळ्याला तोंड नसतं. मला माझीच लाज वाटली.

काकांना नोकरीवरून काढलं. ते पट्टा आणि शिट्टी परत द्यायला आले तेव्हा मास्तर उठून उभे राहिले. "बसा हो, चहा मागवतो."

"नको, मास्तर. त्या पोरीच्या घरी जायचंय. तिच्या आईला काय सांगू, तेवढं लिहून द्या."

मास्तरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. काका निघून गेले.

दुसऱ्या सकाळी चौकीत दहाच माणसं होती. मास्तरांनी खडू घेतला आणि सोळा ओळी भरल्या. फोटो छान आला.

मित्रांनो, माझी धूळ झटकली नाही तरी चालेल, माझा रंग उडाला तरी चालेल. पण तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्या हातात असा खडू येईल, तेव्हा जिथे माणूस नाही ती ओळ रिकामी सोडा. रिकामी ओळ बघून निदान कोणी विचारेल तरी, की इथे माणूस का नाही.

आजही शाळेच्या चौकापुढे माझ्यावर एक नंबर लिहिलेला आहे. रस्ता ओलांडताना त्याच्या भरवशावर राहू नका. दोन्ही बाजूंना बघा, आणि लहानांचा हात धरा.