लायनेलच्या शोकसभेत हम्फ्रीचा फोटो

लायनेल पिंचबेकच्या शोकसभेला हम्फ्री ट्रॅस्कॉट अर्धा तास आधी पोहोचला, आणि पाहतो तर लिलीच्या फुलांच्या मधोमध तो स्वतःच.

फोटो उत्तम होता, यात वाद नव्हता. एका जुन्या टीव्ही मालिकेत त्याने अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या दुकानदाराचं काम केलं होतं, त्यातला. डोक्यावर उंच काळी हॅट, चेहऱ्यावर गिऱ्हाईक मिळाल्याचं दाबून ठेवलेलं समाधान. आयुष्यात हम्फ्रीचं नाव झालं ते या एकाच कामामुळे, आणि तेही निम्मं लायनेलच्या खात्यावर. दोघेही नट, दोघांचीही नाकं लांब, दोघांनाही टक्कल. लंडनने पन्नास वर्षांत त्यांच्यात फरक करायची तसदी घेतली नव्हती. लायनेलने टीव्हीवर शंभरावर बटलर, म्हणजे बड्या घरचे नोकर, आणि एक बिशप केला. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणाच्याच लक्षात नाही. आता नाव छापून आलं, तर चेहरा दुसऱ्याचा.

"फोटो कुणी लावला?" त्याने लायनेलच्या पुतण्याला, टोबीला, विचारलं.

"मीच. काकांचं नाव इंटरनेटवर टाकलं, पहिला हाच आला. काय रुबाबदार दिसतायत ना?"

"काकांना भेटायचास कधी?"

"नाताळात फोन करायचो की."

चर्च भरत आलं होतं. दुसरा फोटो आणायला वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर हम्फ्रीला फारशी घाईही नव्हती. एवढ्या मंडळींसमोर आपला फोटो पुन्हा लागेल तो आपल्याच शोकसभेत, आणि तेव्हा आपल्याला तो बघता येणार नाही, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

तेवढ्यात हेस्टर, लायनेलची बायको, काठी टेकत आली. तिची नजर जाऊन चार वर्षं झाली होती. हम्फ्रीने तिला पहिल्या रांगेत बसवलं.

"फोटो कसा आहे रे?"

"देखणा आहे."

"मग तो लायनेल नव्हे."

हम्फ्रीने उगाच बाकावरची प्रार्थनेची पुस्तकं सारखी केली.

"हॅट आहे का डोक्यावर?"

"...आहे."

"म्हणजे तू!" ती इतकी हसली की पाद्री वळून बघायला लागला. मग हळूच म्हणाली, "तुला माहीत आहे, लोक रस्त्यात त्याला थांबवायचे, त्या हॅटवाल्या कामाचं कौतुक करायला. हा दर वेळी सांगायचा, तो मी नाही, ट्रॅस्कॉट. माझ्यापेक्षा चांगला नट. पावसात उभा राहून सांगायचा मेला. आमच्या किती बसगाड्या चुकल्या!"

हम्फ्रीला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

सभा सुरू झाली. तिघे बोलले, आणि तिघांनीही लायनेलच्या त्या अजरामर हॅटची आठवण काढली. मग हम्फ्रीची पाळी आली.

"फोटोतला माणूस मी आहे," तो म्हणाला. "अजून मेलेलो नाही. तब्येतीची चौकशी नंतर करावी."

हशा पिकला, पण मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली: मग हा पिंचबेक नेमका कोण?

हम्फ्रीने खिशातलं भाषण खिशातच ठेवलं. टेबलावरचं दानाचं पितळी तबक उचललं, खांदे थोडे पाडले, हनुवटी वर केली, आणि तो मधल्या वाटेने चालू लागला. उजवं पाऊल निःशब्द. डावं मात्र एक क्षण उशिरा, टाच किंचित घासत, जणू मालकांविषयीचं आपलं खरं मत ते पाऊल पोटात ठेवून होतं.

"अरे, हा होय!" कुणीतरी म्हणालं. "हा तर आमच्या घरातलाच!" एक बाई ओरडली. बाकांमागून बाकं माना डोलवू लागली.

हेस्टरने त्या पावलांच्या आवाजाकडे कान टवकारले. "हा लायनेल," ती म्हणाली, जरा मोठ्यानेच.

टाळ्यांनी चर्च दणाणलं. हम्फ्रीची मान वळायला आसुसली होती. पण बटलर कधी वळून बघत नाही, आणि लायनेलने तर जन्मात बघितलं नव्हतं. तो तबक सांभाळत तसाच दाराबाहेर गेला. आत टाळ्या वाजतच राहिल्या, आणि त्या घ्यायला समोर कुणीच नव्हतं.