गांजाबंदीचं व्याख्यान आणि नानांचा प्रश्न

वहिनींचं व्याख्यान पडलं असतं, तर नानांना काय मिळणार होतं? पुढच्या वर्षीचं व्यासपीठ, एक शाल, एक श्रीफळ आणि पेपरात दोन बोटांएवढा फोटो. एवढ्यासाठी माणसाने आठवडाभर कुढावं? नाना कुढले.

जुनी इंदूर मोहल्ल्याच्या मंडळात इतिहासावर बोलायचं ते नानांनीच, अशी अठरा वर्षांची पद्धत. यंदा सेक्रेटरी शलाकाने परस्पर त्यांच्या वहिनींना, कुमुदिनीबाईंना, बोलावलं. विषय : गांजा बंद का झाला.

वहिनी बोलल्या मात्र झकास. "इंग्रजांच्या कमिशनने तपासून सांगितलं, बेताने घेतला तर फारसं नुकसान नाही, बंदी नको, कर घ्या. पुढे एकसष्ट साली परदेशात बंदीचा करार झाला, जोर पाश्चात्त्यांचा. आपल्या लोकांनी भांडून पान तेवढं सोडवलं, वर पंचवीस वर्षांची मुदत घेतली. म्हणून पंच्याऐंशीत फूल, म्हणजे गांजा, गुन्हेगार झालं, आणि त्याच झाडाच्या पानाची भांग शिवरात्रीला आपण ठंडाईत पितो!"

हॉल खो खो हसला. शेजारचा यशवर्धन म्हणाला, "नाना, क्या बात है! वहिनीजींनी तर रंग जमवून दिला."

नाना ताडकन उठले. "वहिनी, पुस्तकात एवढं कुठलं मिळायला? सांगून टाका ना, तुमच्या माहेरीच, बडा गणपती भागात, गांजाचा सरकारी ठेका होता!"

वहिनींनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. "होता, भावजी. वडील लिलावात बोली लावायचे, अबकारी भरायचे. अबकारी खात्याचा दरोगा घरी चहाला यायचा. बंदी आली आणि तोच दरोगा ओळख दाखवेना. मी मुद्दाम सांगत नव्हते."

"का? लाज वाटते?"

"मला नाही. प्रेमला वाटते."

तिसऱ्या रांगेतल्या प्रेमलता म्हणजे वहिनींची धाकटी बहीण आणि नानांची बायको. दोन बहिणी दोन भावांना दिलेल्या. वहिनींचं माहेर तीच आपली सासुरवाडी, हे जळण्याच्या भरात नाना साफ विसरले.

यशवर्धनची बायको मधुरिमा गोड आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही तर वडिलांचं किराणा दुकान होतं म्हणायच्या ना?" प्रेमलताबाई चाळीस वर्षं तसंच सांगत आल्या होत्या.

आता हिशेब. वहिनींना शाल मिळाली, वर पुढच्या वर्षीचं आमंत्रण. नानांचं व्यासपीठ गेलं, पण ते आधीच गेलेलं. सकाळी ते नेहमीसारखे पोहे-जलेबी खायला निघाले. या सगळ्याची किंमत भरली ती प्रेमलताबाईंनी. मंगळवारच्या भजनाला त्या आता जात नाहीत.