सवतीचा टाक

२१ एप्रिल १९९६, रविवार. सकाळी नऊलाच उन्हाचा चटका बसत होता. खाडीकडचा वारा पडला होता आणि कोपरखैरण्यातल्या घरांचे पत्रे तापून कडकड वाजत होते. त्या दिवशी माझा जन्म झाला.

मी चांदीचा टाक बोलतोय. दोन बोटं रुंद, काळ्या दोऱ्यात ओवलेला, अंगावर एका बाईची आकृती उठवलेला. आणि आधीच सांगतो, मी रागावून बोलतोय. चांदी थंड असते म्हणणाऱ्यांनी ती मुशीत वितळताना पाहिलेली नसते.

टाक होण्याआधी मी पैंजण होतो आणि जोडवी होतो. हौसेरावांची पहिली बायको मला पायात घालायची. हौसेराव साताऱ्याकडचे, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पैंजण तिच्या भावाने, जोतीरामने, लग्नात दिलेले. नळाला रांग असली की ती या पायावरून त्या पायावर भार टाकायची आणि माझी घुंगरं वाजायची. डाव्या भुवईवर तिला खोक होती. हसली की पुढच्या दातांतली फट दिसायची. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तिचा चेहरा कुठेही दिसणार नाही.

एका पावसाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. सासूने, सुमित्राबाईंनी, तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने परातीतल्या चुन्याच्या पाण्यात तिचे हात चोळून धुतले. पाणी पिवळं झालं. कावीळ उतरली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं, तिला सोडून. हॉस्पिटलात नेलं तेव्हा तिला पायऱ्या चढवत नव्हत्या. निघताना तिने पैंजण काढून सासूच्या हातात दिले.

"आल्यावर घालीन, आत्या," ती म्हणाली.

जोडवी तिने काढली नाहीत. तिला चितेवर ठेवण्याआधी ती दुसऱ्यांनी तिच्या पायांतून ओढून काढली.

वर्षाच्या आत हौसेरावांनी दुसरी केली. राजेश्वरी. तुर्भ्यात वाढलेली, दहावी झालेली, बोलायला तिखट. मी तेव्हा पत्र्याच्या डब्यात हळकुंडं आणि गंजलेल्या किल्ल्यांच्या सोबतीला पडलो होतो. तिथूनच मी ऐकलं, की हौसेरावांची पाठ धरलीय आणि त्यांना वाकता येत नाही.

"पयलीला जागा दिली न्हाय, म्हून हे," सुमित्राबाई म्हणाल्या.

ऐका! शंभर किलोची पोती वर्षानुवर्षं पाठीवर वाहणाऱ्या माणसाची पाठ धरते, आणि दोष मेलेल्या बाईचा! काही घरांत रीत आहे. पहिली गेल्यावर दुसरी केली, की दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. म्हणजे मेलेली सवत संसाराला त्रास देत नाही म्हणतात. जिवंतपणी जिला वेळेवर औषध मिळालं नाही, तिला आता देव करून गप्प बसवायचं होतं. त्यासाठी नवी चांदी घ्यायचीही गरज नव्हती. तिचीच मोड होती. मी होतो.

कमळाकर सोनाराचं दुकान मार्केटच्या वाटेवर आहे. तो माणूस वाईट नाही. त्याने माझे डाग, म्हणजे डाक लावलेले जोड, कापून काढले, मला मुशीत घातलं, वर टाकणखार टाकला आणि भाता चालवला. घुंगरं आधी विरघळली. मग जोडवी आणि पैंजण एकमेकांत मिसळले आणि मी कुठल्या पायाचा कोण होतो, ते मलाच कळेना. थंड झाल्यावर त्याने मला ठोकून पत्रा केलं, काशाच्या ठशावर ठेवलं, वरून शिसं दाबून घाव घातले. मी उलटा झालो तेव्हा माझ्या अंगावर एक बाई उभी होती. वाटोळे डोळे, नाकात नथ, दोन्ही हात जोडलेले. भुवईवर खोक नाही. तोंड मिटलेलं.

राजेश्वरी वाकून बघत होती. "ही तर आमच्या शेजारच्या काकूंच्या टाकावर आहे, तीच बाई," ती म्हणाली.

"बायकांसाठी हा एकच ठसा आहे, वहिनी," कमळाकर म्हणाला. "सगळ्यांना चालतो. आजवर कोणाची कम्प्लेंट नाय."

"कशी असेल? जिची आहे ती मेलेली."

"गप ऱ्हा," सुमित्राबाई म्हणाल्या. "टाक असाच असतोय. घाल गळ्यात."

"घालते ना. पण खाली नाव ठोकून द्या. मी गळ्यात कोणाला घेऊन फिरायचं, ते मला कळू दे. घरात कोण नाव काढत नाय. नुसतं पयली, पयली. मी काय मग दुसरी?"

"मग काय हायेस?"

कमळाकर खाकरला. त्याने अक्षरांच्या ठशांची डबी पुढे ओढली. "पट्टी मोकळीच आहे. बोला, काय ठोकू?"

हौसेराव भिंतीला पाठ लावून उभे होते. "सत्यभामा," ते म्हणाले.

"कोन सत्यभामा?" पायरीवरून आवाज आला.

जोतीराम दुकानाच्या पायरीवर बसला होता. टाकावर माहेरचा खण ठेवावा लागतो, म्हणून त्याला बोलावलं होतं. मांडीवर खणाची पुडी होती. "दाजी, आमच्या घरात सत्यभामा न्हवती कुनी," तो म्हणाला. "आमी तुमाला सगुणा दिली."

कमळाकरने उचललेला ठसा परत डबीत ठेवला.

लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं असतं. मी तेव्हा तिच्या पायात होतो. सुमित्राबाईंनी मुलाच्या कानात सांगितलं आणि मुलाने लिहिलं. टाळ्या वाजल्या. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भाताला गेले. पुढे तिला घरात कुणी सत्यभामाही म्हटलं नाही. सुमित्राबाई म्हणायच्या 'ए पोरी'. हौसेराव म्हणायचे 'ऐकलंस का'. सगुणा म्हणणारा फक्त हा पायरीवर बसलेला माणूस होता, आणि तो वर्षातून एकदा भाऊबीजेला यायचा.

"माझं वैशाली होतं," राजेश्वरी म्हणाली. हळू म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं.

"लग्नात बदाललं ते बदाललं," सुमित्राबाई कडाडल्या. "टाकावर म्हायेरचं नाव कुनी घालतं का? हौशा, बोल की! तोंडात काय धरलंयस?"

"सगुणा ठोका," वैशाली कमळाकरला म्हणाली. यापुढे मी तिला वैशालीच म्हणणार आहे. "नायतर हा टाक मी घालणार नाय. तुमीच घाला, आत्या. सत्यभामा तुमची आहे." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, उद्या मी गेले तर माझ्या टाकावर काय घालाल? ते सांगा आधी."

मला ओरडायचं होतं. भर बाजारात, त्या मिटलेल्या तोंडाने. हौसेरावांनी जोतीरामच्या मांडीवरच्या पुडीकडे पाहिलं.

"सगुणा," ते म्हणाले. संसार झाला, मरण झालं, राख खाडीत गेली, आणि तेव्हा त्या माणसाच्या तोंडून तिचं नाव पहिल्यांदा निघालं. "सगुणाच घाला."

सुमित्राबाई तरातरा दुकानाबाहेर गेल्या. कमळाकरने हातोडा उचलला. त्या दिवशी मला पुष्कळ घाव बसले, त्यातले त्या नावाचे तेवढेच माझ्या लक्षात आहेत.

परतताना रिक्षात वैशाली म्हणाली, "रेशन कार्डावर माझं नाव चढवायचंय. वैशाली चढवा."

"चढवू," हौसेराव म्हणाले.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरातही कुठल्यातरी ताटात तांदूळ पसरले गेले असतील. जिचं नाव त्यात लिहिलं, तिला आधीचं नाव काय होतं, ते विचारा. ती समोर बसली आहे तोवर विचारा. नंतर सोनाराकडे धावू नका. त्याच्याकडे एकच ठसा आहे.

आज ८ नोव्हेंबर १९९८. सकाळी धुकट, दुपारनंतर कोरडं ऊन. मी वैशालीच्या गळ्यात आहे. माझ्या पट्टीवर 'सगुणा' आहे. हौसेरावांची पाठ अजून धरते. रेशन कार्डाचं काम करायला ते एकटेच गेले होते. गेल्या आठवड्यात कार्ड आलं. त्यावर दुसरं नाव आहे: राजेश्वरी हौसेराव शेडगे.