ओल्या हातांचं टेबल

होडीघरात एक टेबल होतं आणि त्या टेबलाला एक नियम होता. दोघांत नियमच जास्त भक्कम, कारण टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागे. नियम असा, की सकाळी होडीतून जाऊन ज्याचे हात नदीत ओले झाले, त्यानंच रविवारी इथं बसायचं. सुकाणू धरणाऱ्याचे हात कोरडेच राहतात, म्हणून ताई होडीतून उतरण्याआधी वाकून दोन्ही पंजे पाण्यात बुडवून घेई. नियम म्हणजे नियम.

टेबलासमोर काळा फळा. ज्याची पाळी असेल त्यानं शनिवारी संध्याकाळी येऊन त्यावर एक कोडं लिहून ठेवायचं. रविवारी ते वाचायचं, होडी पाण्यात ढकलायची, वल्ही मारता मारता डोक्यात घोळवायचं आणि परत आल्यावर चहाबरोबर फोडायचं. कोडी साधीसुधी नव्हेत, आडवळणाची. 'नदी उलटली तर गरीब होते', पुढं कंसात दोन. म्हणजे उत्तर दोन अक्षरी. नदी उलटी वाचली की 'दीन'. 'काका जळतात, पोटात डोळ्यांत घालायचं', कंसात तीन. जळणाऱ्या काकांच्या मधोमध 'काजळ' बसलेलं असतं. अशी कोडी घालण्यात घड्याळजींचा हात धरणारा कोणी नव्हता. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू फिरवणारा माणूस. त्याच्या कोड्यात एक शब्द जास्तीचा सापडायचा नाही.

बाकीचे तिघे वल्हेकरी म्हणजे दाताचे डॉक्टर, ज्यांना आपलं उत्तर चुकू शकतं हेच मान्य नव्हतं. सुतार, जो घड्याळजींच्या बायकोचा धाकटा भाऊ, होडीचं लाकूडकाम बघायचा आणि भावोजींचीही अधूनमधून डागडुजी करायचा. आणि बेकरीवाला, जो आठवड्यात सहा दिवस पहाटे उठून सातव्या दिवशीही पहाटे उठायचा आणि म्हणून बोलण्यात शक्ती घालवत नसे. सुकाणूवर ताई. तिचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान. होडीत वल्हेकरी पाठमोरे बसतात, पुढचं दिसतं ते फक्त सुकाणूवाल्याला. पाच जणांत कुठं चाललोय हे ठाऊक असणारी ती एकटी.

घड्याळजी मनात खतावणी ठेवून असत. कोणी किती कोडी सोडवली, कोण कोणाचं उत्तर ढापतो, कोण चहाचा पेला न विसळता उठतो, सगळं नोंदलेलं. या खतावणीत एक पान मात्र ते सहसा उघडत नसत. ते मास्तरांचं होतं.

मास्तर म्हणजे डॉक्टरांच्या आधी त्या जागेवर बसणारे. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा गुडघा गेला. होडीत बसणं बंद झालं, तरी पुढच्या रविवारी ते सवयीनं आले आणि खुर्ची ओढून बसू लागले. तेव्हा घड्याळजी हसत हसत म्हणाले होते, "मास्तर, हात दाखवा." सगळे हसले. मास्तरही हसले. हात बघितले, कोरडे होते. चहा न घेता गेले ते पुन्हा आले नाहीत. त्यांचा पेला अजून खुंटीवर होता, कारण तो काढायचा कोणी, हा प्रश्न कोणी काढला नाही.

आणि आता घड्याळजींचा खांदा गेला होता.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून स्पष्ट सांगितलं, "वल्हं बंद. या महिन्यात नाही, पुढच्या महिन्यात नाही, कधीच नाही. अजून ओढलंत तर हात वर जाणार नाही, आणि मग घड्याळं कशी दुरुस्त करणार?" महिन्यावर वार्षिक शर्यत होती. दुसरा माणूस शोधायला, त्याचा हात बसायला निदान चार रविवार हवेत. म्हणजे सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं.

"मग सांगा की," बायको म्हणाली. ती त्यांच्या खांद्याला मलम चोळत होती. "तोंड आहे ना? की त्यालाही आडवे-उभे चौकोन पाडलेत?"

"सांगितलं की टेबल सुटलं."

"टेबल? त्या लंगड्या टेबलासाठी हात घालवणार?"

"तुला नाही कळायचं."

"मला कळतं हो. त्या मास्तरांना तुम्ही हात दाखवायला लावले होते ना, ते कळतं."

खतावणीतलं ते पान बायकोलाही पाठ होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शनिवारी पाळी त्यांचीच होती. संध्याकाळी ते होडीघरात गेले, खडू घेतला आणि बराच वेळ फळ्यासमोर उभे राहिले. तोंडानं सांगायचं तर चार तोंडांकडे बघावं लागतं, फळ्याकडे बघून सांगणं सोपं. शेवटी सरळ, साध्या अक्षरांत लिहिलं:

'माझा खांदा गेला. होडीतून उतरतो.'

आणि हात थांबायला हवा होता तिथं थांबला नाही. पंचवीस वर्षांची सवय. वाक्य संपलं की कंस, कंसात आकडा. घड्याळजी खडू ठेवून, मन घट्ट करून, तरातरा निघून गेले आणि आपण शेवटी '(३)' असं लिहून आलोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

रविवारी ते मुद्दाम उशिरा गेले. लोकांना वाचायला, गंभीर व्हायला वेळ मिळावा. सुतार डोळे पुसेल, डॉक्टर पाठीवर हात ठेवतील, असं काहीसं चित्र वाटेत रंगवलेलं. दारात पाऊल ठेवलं तर डॉक्टर टाळ्या वाजवत पुढं आले.

"वा रे पठ्ठ्या! पाण्यात उतरायच्या आधी फोडलं, बघ. पाच मिनिटांत!"

"काय फोडलं?"

"तुझं कोडं! ऐका रे सगळे. 'माझा'मधलं गेलं एक, उरलं 'मा'. आता आभाळातून झपकन उतरते कोण? घार! मा अधिक घार, माघार! तीन अक्षरं. आणि अख्ख्या वाक्याचा अर्थही माघारच. याला म्हणतात कोडं!"

घड्याळजींनी फळ्याकडे पाहिलं. कंस दिसला. त्यातला तीनही दिसला.

"आणि खांद्याचं काय?" बेकरीवाल्यानं विचारलं. महिन्याभरातलं त्याचं हे सर्वांत लांब वाक्य.

"खांदा नुसता चकवा रे."

"भावोजी, मानलं तुम्हाला," सुतार म्हणाला. "मी तर होडीतच अडकून बसलो होतो."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. 'अरे बाबांनो, उत्तर बरोबर आहे, पण ते कोडं नाहीये.' एवढंच. पण डॉक्टरांचा चेहरा असा फुलला होता, सुतार अशा अभिमानानं बघत होता, की घड्याळजी नुसतं "हं" म्हणाले. 'हं' हा शब्द फार महागात पडतो. लग्नात, व्यवहारात आणि होडीतसुद्धा.

त्या दिवशी ते वल्ह्यावर बसले. ताईच्या समोरची जागा त्यांचीच. दर ओढीला खांद्यात कोणीतरी पेचकस फिरवत होतं. ताईनं एरवीपेक्षा लवकर होडी वळवली. टेबलावर चहा झाला, वाहवा झाली, आणि पेला उचलताना घड्याळजींनी तो डाव्या हातानं उचलला.

बुधवारी दुपारी दुकानाच्या पायरीवर काठी वाजली. भिंग लावूनच घड्याळजींनी मान वर केली, म्हणून पहिल्यांदा दिसलं ते कोटाचं एक अवाढव्य बटण. भिंग काढलं, तर मास्तर. नऊ वर्षांत रस्त्यात मान हलली होती, पण पायरीवर पाय पहिल्यांदाच.

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढून काचेवर ठेवलं. घड्याळजींनी कानाला लावलं. टकटक अगदी सुरेख.

"हे तर ठणठणीत आहे, मास्तर."

"ते आहेच. तुझा खांदा कुठला, उजवा?"

घड्याळजींच्या हातात घड्याळ तसंच राहिलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच सांगितलंस. फळ्यावर."

"तुम्ही फळा बघता?"

"दर रविवारी. तुमची होडी पाण्यात असते तेव्हा खिडकीशी कोणी नसतं. फिरायला जातो, वाचतो, घरी जाऊन सोडवतो. वही आहे माझी." मास्तर खुर्चीवर टेकले. "या रविवारीही वाचलं. खिडकीतून डॉक्टरच्या अक्षरात उत्तर दिसलं, माघार. हसू आवरेना."

"उत्तर बसतं की पण."

"बसतं? अरे, खांदा वाया, होडी वाया. दोन शब्द नुसते लोंबतायत. नऊ वर्षं तुझी कोडी सोडवतोय, तू एक काना वाया घालवत नाहीस. इतकं गचाळ कोडं तू घालूच शकत नाहीस. म्हणजे ते कोडं नव्हतं."

घड्याळजींनी मान खाली घातली. चार जणांबरोबर इतकी वर्षं काढली आणि वाचता आलं ते खिडकीबाहेरच्या माणसाला. ही नोंद कुठल्या बाजूला करायची, हे त्यांना उमगेना.

"मास्तर, तेव्हा मी तुम्हाला हात दाखवा म्हटलं..."

"म्हटलंस. थट्टेत म्हटलंस. मीही थट्टेतच गेलो." मास्तरांनी घड्याळ परत घेऊन मनगटाला बांधलं. "पुढच्या रविवारी कोणीतरी बोलवायला येईल असं वाटलं होतं. मग त्याच्या पुढच्या. मग वही घातली."

"माझं चुकलं."

"हे वाक्य बरं आहे. एकही शब्द जास्त नाही." मास्तर उठले. "आता रविवारी असंच बोल. खडूला हात लावू नकोस."

पुढच्या रविवारी होडी खांद्यांवर घेऊन धक्क्यापर्यंत न्यायची वेळ आली तेव्हा घड्याळजी बाजूला उभे राहिले.

"भावोजी, लावा हात."

"नाही लावत. खांदा गेलाय माझा. वल्हं कायमचं बंद, हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. होडीतून उतरतोय मी."

मग दाताचे डॉक्टर विचारात पडून बोटं मोजू लागले.

"किती अक्षरी?"

"अक्षरं नाहीत रे! खांदा आहे, खांदा!" घड्याळजी ओरडले. "मागच्या रविवारीही कोडं नव्हतं. मी सांगत होतो तुम्हाला. कंस चुकून पडला."

डॉक्टरांची बोटं हवेतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा उत्तर बरोबर येऊनही माणूस चुकू शकतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उमटत गेलं. सुतारानं होडी खाली ठेवायला लावली आणि भावोजींच्या जवळ आला. "माघार म्हणून टाळ्या वाजवल्या आम्ही," तो म्हणाला. "ताईनं सांगितलं असतं तरी..." आणि वळून, "ताई, तुला ठाऊक होतं ना?"

"चार रविवार समोर बसून त्याचं तोंड बघतेय. शिवाय बायको मलम नेते माझ्याकडून, आठवड्याला एक नळी," ताई म्हणाली. "पण गिऱ्हाइकाचं दुखणं मी फळ्यावर लिहीत नाही. त्याचं त्यानं बोलायचं."

"आता शर्यत?" बेकरीवाला.

"शर्यतीला वल्हं मी घेते," ताई म्हणाली. तिनं अंगातलं जाकीट काढलंसुद्धा. "अकरा वर्षं तुम्हाला ओरडून ओरडून सांगतेय कसं मारायचं. एकदा करून दाखवते. सुकाणू याला द्या. त्याला डावा हात पुरतो, आणि जिभेला काही झालेलं नाही."

"म्हणजे टेबलही..." सुताराचा चेहरा उजळला. "भावोजी, उतरताना हात बुडवले की झालं!"

घड्याळजींना हवं होतं ते सगळं समोर आलं होतं. खुर्ची, चहा, फळा. पण ते जागचे हलले नाहीत.

"मी बसेन. पण मास्तर आले तर."

मग बेकरीवाल्यानं होडीघरात जाऊन खुंटीवरचा पेला काढला, आत फुंकर मारली, नऊ वर्षांची धूळ नाकात गेल्यामुळं तीन शिंका दिल्या आणि पेला घड्याळजींच्या हातात ठेवला.

"जा. आम्ही थांबतो."

मास्तरांचं घर पलीकडच्याच गल्लीत. दार उघडलं, मास्तरांनी आधी पेला बघितला, मग घड्याळजींना. काठी घेतली. वाटेत दोघं हवेविषयी बोलले, तेही थोडंच.

होडीघरात शिरताच मास्तर थेट फळ्याकडे गेले. आठवडाभर कोणी पुसलं नव्हतं; शनिवारची पाळी डॉक्टरांची, आणि नवं कोडं लिहायला आपलं उत्तर पुसावं लागेल म्हणून त्यांनी ते लिहिलंच नव्हतं. त्यांनी बादलीतलं फडकं उचललं, पिळलं आणि डॉक्टरांचं 'माघार' पुसलं. मग कंस आणि त्यातला तीन पुसला. वाक्य मात्र ठेवलं. 'माझा खांदा गेला. होडीतून उतरतो.' मागं सरून एकदा वाचलं, कोडी तपासायचे तसं.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.

डॉक्टर चाचरत पुढं झाले. "मास्तर, ते टेबलाचं... म्हणजे आता आम्ही तो नियम..."

"नियम असू दे रे. नियमानं कोणाचं काय बिघडलंय?"

मास्तरांनी दोन्ही तळवे पुढं केले. फडक्यातलं पाणी बोटांवरून टपटप टेबलावर पडत होतं. डॉक्टर ते बघत राहिले. एरवी ते म्हणाले असते की बादलीतलं पाणी नदीत मोजता येत नाही. पण शेवटी सुतारानंच खुर्ची ओढून दिली, आणि पायाखालची पुठ्ठ्याची घडी नीट सरकवून ठेवली.